कान कायम जागे : ऑटिस्टिक मुलांच्या आईबाबांचा ताण

अर्धविराम (धागाकर्ती)

इथे थेरपीवर, शाळांवर, बोलणं कधी येईल यावर बरेच धागे आहेत आणि बहुतेक सगळे मी वाचलेत. हा धागा मुलांसाठी नाही, आपल्यासाठी काढतेय.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. बोलत नाही. टॅबवरच्या चित्रांवर बोट ठेवून सांगतो, नाहीतर हाताला धरून नेतो. तीन वर्षांचा असताना निदान झालं. गेल्या महिन्यात पाठ फारच धरली म्हणून मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सहज विचारलं, "सलग सहा तास शेवटचं कधी झोपलात?" मी आठवायला लागले आणि मला आठवेना. तिथेच रडू फुटलं. त्यांनी पाणी दिलं, पाठीचे व्यायाम लिहून दिले आणि निघताना म्हणाल्या, "स्वतःसाठी थोडा वेळ काढत जा."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. वेळ काढायचा कुठून?

दोन वर्षांपूर्वी दाराची कडी लावायची राहिली आणि तो बाहेर पडला. रस्त्याच्या कडेला सापडला, काही झालं नाही. पण तेव्हापासून आंघोळ करतानाही मी मध्येमध्ये नळ बंद करून कानोसा घेते. आवाज आला तर धावते, आवाज आला नाही तर जास्त जोरात धावते. रात्री तो दोन-अडीचला उठतो आणि पहाटेपर्यंत जागा असतो. सासूबाईंचा त्याच्यावर खूप जीव आहे, पण त्याने डोकं आपटायला सुरुवात केली की त्या घाबरून मलाच हाक मारतात. नवऱ्याचंही तेच. म्हणजे घरात चार माणसं असून ड्युटीवर एकटी मीच.

मला त्याचा कंटाळा आलेला नाही, हे लिहायची गरज पडू नये पण लिहून ठेवते. तो सकाळी माझ्या गालाला गाल लावून बसतो तेवढ्या पाच मिनिटांसाठी मी काहीही करेन. थकवा त्याचा नाही, कधीच सुट्टी नसण्याचा आहे.

तुमचा ताण खरोखर कशाने कमी झाला? अगदी थोडा झाला असेल तरी सांगा.

निळी छत्री

नळ बंद करून ऐकणं! हे फक्त मीच करते असं वाटायचं मला. बाकी नंतर लिहिते, मुलगी उठली.

जुनी पायवाट

अर्धविराम, माझा मुलगा आता चोवीस वर्षांचा आहे. तुझं लिहिणं वाचताना माझी ती वर्षं डोळ्यांपुढे आली.

निदानाच्या वेळी एका तज्ज्ञांनी मला पहिलाच प्रश्न विचारला होता, "तो लहान असताना तुम्ही नोकरी करत होतात का?" मी करत होते. त्या एका प्रश्नाचं ओझं मी आठ-दहा वर्षं वाहिलं. रोज संध्याकाळी घरी आल्यावर त्याच्याकडून तीन-तीन तास काय काय करून घ्यायचे. थेरपी म्हणून नव्हे, प्रायश्चित्त म्हणून. माझंही शरीर मोडलं आणि तोही माझ्यापासून लांब पळायला लागला.

पुढे कधीतरी या प्रश्नाचं मूळ वाचलं. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांचं वर्णन केलं आणि ऑटिझमला वैद्यकात जागा मिळाली. त्याच लेखात त्यांनी या मुलांच्या आईवडिलांमध्ये ऊब कमी दिसते असंही नोंदवलं. ते धरून पुढे अनेकांनी, विशेषतः ब्रूनो बेटलहाइम यांनी, दोष थेट आईच्या थंडपणावर टाकला. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी हे खोडून काढायला सुरुवात केली. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका ऑटिस्टिक मुलाचे वडीलही. 1977 मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या आणि आनुवंशिकतेचा वाटा किती मोठा आहे ते समोर आलं. त्याआधीच, 1969 मध्ये, पालकांच्या एका सभेत खुद्द कॅनर यांनी "मी तुम्हा पालकांना दोषमुक्त करतो" अशा अर्थाचं विधान जाहीरपणे केलं होतं.

1969! आणि मला तो प्रश्न त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी विचारला गेला. आजही कुणाला ना कुणाला विचारला जात असेल. मोबाइल दिलात का, गरोदरपणात काही झालं होतं का, तुम्ही त्याच्याशी बोलतच नसाल. मला विचारशील तर ताण कमी होण्याची पहिली पायरी माझ्यासाठी हीच होती: मी काही फेडत नाहीये, हे मनाला पटणं. पटल्यावर रोजचे तीन तास एकावर आले. तो एक तास मात्र दोघांना आवडायला लागला.

उंबरठा

एका बाबाची बाजू मांडतो.

मुलगी अकरा वर्षांची. निदानानंतर भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "आई कशी आहे?" मला कुणी विचारलं नाही. मीही ऑफिसात उशिरापर्यंत थांबू लागलो, कारण तिथे मला जमणारी कामं होती. घरी मी हात लावला की बायको मागून सांगणार, "असं नको, तिला तसं चालत नाही." तिचं बरोबर असायचं. पण दहा वेळा चुकीचं ठरल्यावर मी हात लावणंच सोडलं. मग ती म्हणायची, याला काही येत नाही. हेही बरोबर.

त्याच काळात कुणीतरी ऐकवलं की अशा मुलांच्या 80 टक्के आईवडिलांचे घटस्फोट होतात. रात्र रात्र ते डोक्यात घोळायचं. शेवटी शोधून पाहिलं, तर या आकड्याला आधारच नाही. अमेरिकेत 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे पालक विभक्त होण्याचं प्रमाण 23.5 टक्के होतं आणि तुलनेसाठी घेतलेल्या कुटुंबांत 13.8 टक्के. 2012 मध्ये तिथल्याच राष्ट्रीय पाहणीच्या आधारे झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दोन्ही सख्ख्या पालकांसोबत राहणाऱ्या मुलांचं प्रमाण ऑटिस्टिक मुलांत 64 टक्के आणि इतर मुलांत 65 टक्के, म्हणजे सारखंच. संसारावर ताण येतो हे खरं, पण संसार मोडणार असं कुठे लिहून ठेवलेलं नाही.

आमच्या घरी बदल झाला तो अपघाताने. सासूबाई आजारी पडल्या आणि बायकोला चार दिवस जावं लागलं. मी आणि मुलगी दोघंच. पहिला दिवस भयंकर गेला. तिने मला ओरबाडलं, मी तिच्यावर ओरडलो, नंतर दोघंही जमिनीवर बसून रडलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मेल्टडाउनच्या, म्हणजे सगळं असह्य होऊन तिचा स्वतःवरचा ताबा सुटतो त्याच्या, आधी पाचेक मिनिटं ती एका विशिष्ट सुरात गुणगुणते. तेव्हाच दिवा घालवून, टीव्ही बंद करून मी गप्प बसलो तर बऱ्याचदा ती वेळ टळते. हे बायकोला माहीत नव्हतं! पहिल्यांदाच मुलीबद्दलचं काहीतरी मी तिला सांगितलं.

तेव्हापासून शनिवारची सकाळ माझी. बायको घराबाहेर जाते. घरातल्या घरात आराम करते म्हटलं तर होत नाही, पहिल्या आवाजाला ती उठतेच. बाहेर जाणं महत्त्वाचं.

अर्धविराम

उंबरठा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. तो काही बोलला नाही, पण दोनदा वाचला. मागून सूचना करणारी मी आहे, हे मान्य. भीती वाटते हो. माझ्या हातात असताना तो सुरक्षित असतो एवढंच मला माहीत आहे.

पानगळ

वाचून वाईट वाटलं. पण असं बघा, देव अशी मुलं खास आईबापांच्याच पदरात घालतो. सकारात्मक राहा, सगळं ठीक होईल.

निळी छत्री

पानगळ, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. तरी सांगते, "खास आईबाप" ऐकलं की दमलोय म्हणायची सोय उरत नाही. खास माणसांनी दमायचं नसतं ना. मी खास नाही, मी साधी बाई आहे आणि मला झोप हवी आहे.

पानगळ

असा विचार केला नव्हता. माफ करा.

काजवा

मी एकतीस वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक आहे. असे धागे वाचताना मला त्रास होतो, तरीही वाचतो, कारण माझी आईही अशीच दमायची.

लहानपणी ती शेजारच्या खोलीत फोनवर मावशीशी बोलताना रडायची. मी सात वर्षांचा होईपर्यंत फारच कमी बोलायचो, म्हणून सगळे धरून चालायचे की याला काही कळत नाही. मला कळत होतं. मी निष्कर्ष काढला होता की मी या घरात झालेली एक वाईट गोष्ट आहे. तो पुसायला मला विशीनंतरची बरीच वर्षं लागली.

1993 मध्ये टोरांटोतल्या परिषदेत जिम सिंक्लेअर यांनी, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, पालकांना हेच सांगितलं होतं. तुमचं दुःख मनातल्या न आलेल्या मुलासाठी आहे, ते जरूर करा. पण समोर असलेल्या मुलाला त्या दुःखाचं कारण बनवू नका. बोलूच नका असं माझं म्हणणं नाही. बोला, रडा, इथे लिहा. फक्त त्याच्या कानांवर पडेल असं नको, तो बोलत नसला तरी.

दुसरं असं की तुमचा ताण आणि मुलाचा ताण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. आईला घाई, पाहुणे, लोकांच्या नजरा यांचा त्रास व्हायचा, मला त्याच घाईचा आणि त्याच आवाजांचा. मेल्टडाउन हा हट्ट नसतो. हट्ट करणारं मूल तुमच्याकडे बघत असतं, मेल्टडाउनमध्ये मला कुणीच दिसत नाही. आईने हळूहळू काही गोष्टी सोडून दिल्या: माझी बुटाची नाडी, फोटोत हसणं, प्रत्येकाला नमस्कार करणं. दोघांचे दिवस सोपे झाले. सोडून दिलेल्यातल्या बऱ्याच गोष्टी मी पुढे माझ्या वेळेने शिकलो. नाडी अजून बांधत नाही आणि त्याने काही अडत नाही.

अर्धविराम

काजवा, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि उत्तर देता आलं नाही. मी बहिणीशी फोनवर त्याच्यासमोरच बोलते. "काल पुन्हा रात्रभर जागवलंन, जीव नकोसा झाला" असं, तो शेजारी बसलेला असताना. आजपासून नाही बोलणार.

संथ लाट

मी समुपदेशक आहे आणि अशा पालकांच्या गटांबरोबर काम करते. वरच्या चर्चेतल्या काही गोष्टींना संशोधनाचा आधार आहे, तेवढाच लिहिते.

अर्धविराम, तुमचा थकवा मनाचे खेळ नाहीत. 2010 मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी किशोरवयीन आणि प्रौढ ऑटिस्टिक मुलांच्या आयांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, तपासलं. ते वाढलेलं नव्हतं, उलट इतर आयांपेक्षा कमी होतं. दीर्घकाळ ताणाखाली असलेल्यांमध्ये, अगदी युद्धावरच्या सैनिकांमध्येही, असा नमुना दिसतो. शरीर सतत सज्ज राहून राहून मंदावतं.

माझ्या गटांत जवळजवळ प्रत्येक आईच्या मनात एक भीती असते: माझ्या उदासीमुळे मूल बिघडेल. 2022 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी आयांची दीड वर्ष पाहणी केली होती. ऑटिस्टिक मुलांच्या आयांपैकी सुमारे निम्म्या जणींमध्ये नैराश्याची लक्षणं वाढलेली होती, पण त्या नैराश्यामुळे मुलांच्या वागण्यातल्या अडचणी पुढे वाढल्याचं दिसलं नाही. म्हणजे उदासीवर उपचार घ्यायचे ते स्वतःसाठी. "मुलासाठी तरी" असं म्हणायची गरज नाही.

2014 मध्ये ऑटिझम किंवा इतर अपंगत्व असलेल्या मुलांच्या 243 आयांवर झालेल्या अभ्यासात सहा आठवड्यांचे दोन कार्यक्रम पाहिले गेले, एक सजगतेचा म्हणजे माइंडफुलनेसचा आणि दुसरा सकारात्मक मानसशास्त्राचा. दोन्हींनी ताण, नैराश्य आणि चिंता कमी झाली. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: सत्रं घेणाऱ्या स्वतः अशाच मुलांच्या आया होत्या, त्यांना तसं शिकवून तयार केलं होतं. या धाग्यावर जे चाललंय त्याची ताकद कमी समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेचाही दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी एक प्रशिक्षण कार्यक्रम आहे. त्यात नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी असतात, आणि पालकांनी स्वतःला कसं सांभाळायचं हाही त्याचा भाग आहे.

झोपेबद्दल: "ऑटिझम आहे म्हणजे झोपणार नाहीच" असं धरून बसू नका. बद्धकोष्ठता, पोटातली जळजळ, लोहाची कमतरता, झोपेतले झटके, यातलं काहीही मागे असू शकतं आणि न बोलणारं मूल ते सांगू शकत नाही. त्याच्या डॉक्टरांशी फक्त झोपेसाठी म्हणून वेगळी वेळ घ्या. दोन आठवड्यांची नोंद घेऊन जा. मेलाटोनिनसारखी औषधंही त्यांच्याच सल्ल्याने.

आणि हे सगळ्यांसाठी. दोन आठवडे रोज उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर त्याला थकवा म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना भेटा. "मी नसले तर बरं" किंवा "आम्ही दोघंही नसलो तर सुटू" असा विचार आला तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या. असे विचार येणारी आई वाईट नसते, पण तिने त्या रात्री एकटं राहू नये.

दुपारपाखरू

मला मूल नाही, पण माझ्या सख्ख्या मैत्रिणीची मुलगी ऑटिस्टिक आहे. मी नेहमी म्हणते, "काही लागलं तर सांग हं." ती कधीच काही सांगत नाही. मी काय करू?

जुनी पायवाट

दुपारपाखरू, तुझा प्रश्न मला या धाग्यावर सगळ्यांत आवडला. "लागलं तर सांग" म्हटलं की काय लागतंय ते शोधायचं कामही तिच्याच डोक्यावर येतं. त्याऐवजी म्हण, "मी दर बुधवारी चार ते पाच येणार." आणि जा. पहिले काही आठवडे नुसती त्याच खोलीत बस, मुलीशी बोलायचा आग्रह नको. तिला तुझी सवय होऊ दे, आईला तुझी खात्री वाटू दे.

माझ्या बाबतीत धाकट्या भावाने हे केलं. चार महिने दर रविवारी यायचा. मी एक वही केली होती. मुलगा कशाने खूश होतो, कोणता आवाज त्याला सहन होत नाही, डोकं आपटायला लागला तर खाली उशी सरकवायची आणि हात धरायचे नाहीत, किती वेळात शांत होतो, कोणत्या वेळी मात्र मला फोन करायचाच. हे लिहिताना समजलं की इतकी वर्षं हे सगळं फक्त माझ्या डोक्यात होतं. मला काही झालं असतं तर माझ्या मुलाची भाषा जाणणारं कुणीच उरलं नसतं. भावाने नंतर त्यात स्वतःची पानं जोडली. आता ती तिसरी वही आहे आणि पाच जणांची अक्षरं आहेत त्यात.

निळी छत्री

आणि आपल्यानंतर? मला रात्री झोप लागते तेव्हाही हाच प्रश्न जागं करतो.

जुनी पायवाट

त्याचं उत्तर माझ्याकडे नाही गं. कागदपत्रं केली आहेत, पैशांची जमेल तशी सोय केली आहे, तरीही पोटात खड्डा पडतो. पण त्या वहीतली पाच अक्षरं बघितली की तो जरा उथळ होतो.

अर्धविराम

तीन आठवड्यांनी लिहितेय. झोपेची नोंद ठेवून डॉक्टरांकडे गेलो. बद्धकोष्ठता निघाली, उपचार सुरू आहेत. अजून दोनला उठतो, पण रोज नाही. नवऱ्याने मंगळवार आणि गुरुवारची रात्र घेतली आहे. पहिल्या गुरुवारी मी दाराआड उभी राहून ऐकत होते. त्याने बाहेर येऊन सांगितलं, "तू आत उभी आहेस हे त्यालाही कळतंय, जाऊन झोप." गेले. झोप काही लागली नाही, पण पडून राहिले.

वही केली. सात पानं झाली. माझी नणंद तीन रविवार येऊन बसली. पहिल्या रविवारी तो तिच्याकडे पाठ करून होता. दुसऱ्या रविवारी त्याने डोकं आपटलं, तिने वहीत लिहिल्याप्रमाणे उशी सरकवली आणि गप्प बसून राहिली. नंतर तिचे हात थरथरत होते, पण तिने मला हाक मारली नाही. काल मी पहिल्यांदा घराबाहेर गेले. एक तास. बागेतल्या बाकावर बसले आणि निम्मा वेळ फोनकडेच बघत होते. फोन आला नाही.

परत आले तर तो टॅब घेऊन दारात उभा. चित्रं वर-खाली सरकवत होता, काहीतरी शोधत होता, सापडत नव्हतं म्हणून चिडला होता. मी आधी खाण्याचं दाखवलं, मग पाण्याचं. नाही. नणंद चपला घालत होती, त्याने तिचा हात धरून टॅबवर ठेवला. तेव्हा कळलं. टॅबमध्ये आई आहे, बाबा आहेत, आजी आहे. आत्याचं चित्रच नव्हतं. रात्री तिचा फोटो मागवून घातला.